‘मनातून’ म्हणण्याचा अधिकार

‘सीक्रेटली’ हे इंग्रजी क्रियाविशेषण दोन भिन्न कामे करते. कोणी कोणाला ‘सीक्रेटली’ भेटतो, आणि कोणी ‘सीक्रेटली’ सुखावतो. पहिल्या ठिकाणी लपलेली आहे ती कृती. दुसऱ्या ठिकाणी भावना. इंग्रजी वाक्यात या दोहोंमधला सांधा दिसतही नाही. मराठी मात्र येथे एका शब्दावर भागवत नाही. भेट ‘चोरून’, ‘गुपचूप’, ‘लपूनछपून’ होते. सुखावणे ‘मनातून’ किंवा ‘मनोमन’ असते. अनुवादाच्या तासाला एखादा विद्यार्थी ‘ती गुपचूप सुखावली’ असे लिहितो आणि वर्गात हशा पिकतो. असे का म्हणता येत नाही, हे हसणाऱ्यांपैकी कोणालाही नियम म्हणून सांगता येत नाही. पण काहीतरी चुकले आहे हे सर्वांना कळते. ‘गुपचूप’ म्हटले की पाहणारा कोणी तरी आहे आणि त्याची नजर चुकवली जात आहे, असे गृहीत धरलेले असते. सुखावणारी व्यक्ती कोणाची नजर चुकवीत नसते. तिची भावना दिसत नाही, कारण भावना मुळात दिसण्याची वस्तूच नव्हे.

हा भेद केवळ कोशकाराच्या सोयीचा नाही. तो वाङ्मयसमीक्षेच्या, आणि त्याहून पुढे जाऊन न्यायाच्याही प्रश्नाशी निगडित आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. दुसऱ्याच्या मनात काय आहे हे सांगण्याचा अधिकार कोणाला, हा तो प्रश्न होय. त्याच्या विवेचनासाठी मी मुख्यतः बुलढाणा जिल्ह्यातील दोन साहित्यकृती निवडल्या आहेत. ताराबाई शिंदे यांचा ‘स्त्रीपुरुषतुलना’ (१८८२) हा निबंध आणि मेहकरच्या ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता यांच्यात प्रकार, काळ आणि प्रकृती या तिन्ही दृष्टींनी काहीच साम्य नाही. एकीत क्रोध आहे, दुसरीत लाडिक तक्रार. पण झाकलेल्या भावनेचे काय करावे, या प्रश्नाला त्या दोघी जी उत्तरे देतात ती परस्परांशेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत.

प्रथम शब्दांकडे वळू. झाकलेल्या भावनेसाठी मराठीत एक नव्हे, निदान चार क्रियाविशेषणे आहेत आणि ती परस्परांच्या जागी सहसा बसत नाहीत. ‘मनातल्या मनात’ या प्रयोगानंतर बहुधा कृती येते : मनातल्या मनात हसणे, म्हणणे, शिव्या देणे, हिशेब मांडणे. एरवी जी उघडपणे झाली असती अशी क्रिया येथे मनाच्या चार भिंतींत पार पडते. ‘आतल्या आत’ याच्या मागे दाब आहे. माणूस आतल्या आत कुढतो, जळतो, घुसमटतो. आतल्या आत आनंदला, असे सहसा कोणी म्हणत नाही. ‘मनातून’ या शब्दाला मात्र नेहमी एक जोडीदार लागतो. वरून विरोध केला, मनातून हवेच होते. तोंडावर अभिनंदन केले, मनातून जळाला. ‘मनातून’ उच्चारले की ‘वरवर’ हा शब्द, न उच्चारताही, शेजारी येऊन उभा राहतो. म्हणूनच या शब्दात आरोपाचा वास आहे. (‘मनातून उतरणे’ या प्रयोगात तोच शब्द मनाबाहेर जाण्याची वाट दाखवतो, हे विशेष. पंचमीच्या प्रत्ययाने उगम आणि निष्कासन ही दोन्ही कामे सांभाळली आहेत.) याच्या अगदी जवळचा ‘मनापासून’ हा शब्द पाहावा. त्यातही मन आहे, पंचमीचाच भाव आहे, पण झाकपाक नाही. मनापासून केलेली गोष्ट उघड असते.

सर्वांत वेधक आहे तो ‘मनोमन’. आजच्या कथा-कादंबऱ्यांत तो ‘मनातल्या मनात’चा भारदस्त पर्याय म्हणून सर्रास वापरला जातो. पण त्याची घडण पाहावी. हातोहात, दारोदार, गावोगाव या शब्दांत एकाहून अधिक हात, दारे, गावे आहेत. वस्तू हातोहात जाते ती या हातातून त्या हातात. या न्यायाने मनोमन म्हणजे या मनातून त्या मनात. यातील ओकार संस्कृत संधीचा की देशी द्विरुक्तीचा, हा वाद वैयाकरणांकडे सोपवू. ‘मनोमन साक्ष पटते’ हा जुना प्रयोग मात्र निःसंदिग्ध आहे. तेथे मने दोन आहेत आणि शब्दावाचून एकाची ग्वाही दुसरे देते. म्हणजे आज ज्या शब्दाने आपण एका व्यक्तीचे एकटेपण सुचवतो, त्या शब्दाच्या पोटात मुळात दोघांचे संगनमत होते. आधुनिक गद्याने त्यातले दुसरे मन काढून टाकले. हे केव्हा आणि कसे घडले याचा इतिहास लिहिण्यासारखा आहे. व्यक्तिकेंद्री कथनाचा आपल्याकडे झालेला विस्तार आणि हा अर्थसंकोच यांचा संबंध असावा, असा माझा तर्क आहे.

या चारही शब्दांना एक व्याकरणिक मर्यादा आहे, ती पुरुषाची. ‘मी मनातून घाबरलो होतो’ हे निवेदन आहे. त्याला पुरावा मागता येत नाही. ‘तू मनातून घाबरला आहेस’ हे आव्हान आहे. समोरचा ते तेथल्या तेथे नाकारू शकतो. ‘ती मनातून घाबरली होती’ हे मात्र एकतर अनुमान आहे, नाहीतर आरोप. तृतीय पुरुषात ज्याच्याविषयी बोलले जाते तो उत्तर द्यायला हजर नसतो. याला अपवाद एकच, कथेचा सर्वसाक्षी निवेदक. पात्र त्यानेच निर्माण केलेले असल्याने त्याच्या मनाची ग्वाही देण्याचा परवाना त्याला आपण वाचक म्हणून देतो. हा परवाना कथेपुरता असतो. अडचण होते ती तोच परवाना खिशात घालून कोणी वर्तमानपत्राच्या स्तंभात, न्यायासनासमोर किंवा समीक्षेच्या प्रांतात शिरतो तेव्हा.

प्राचीन काव्यशास्त्राला या अडचणीची जाणीव वेगळ्या वाटेने झालेली दिसते. भरताने नाट्यशास्त्राच्या सातव्या अध्यायात जे ३३ व्यभिचारी भाव सांगितले, त्यांत ‘अवहित्था’ हा एक आहे. अवहित्था म्हणजे भावाचे बाह्य रूप झाकणे. लज्जा, भय, गौरव, कपट यांतून ती उद्भवते आणि भलतेच बोलणे, दुसरीकडे पाहणे, चाललेले संभाषण मध्येच तोडणे, उसने धैर्य आणणे या अनुभावांनी ती ओळखावी, असे तो सांगतो. म्हणजे भाव झाकण्याची क्रियाही दिसली पाहिजे. झाकणे हाच अभिनय. पुढे मम्मटाने सातव्या उल्लासात रसदोषांची चर्चा करताना व्यभिचारी भावाचे नाव घेऊन तो सांगणे हा दोष मानला. काही अपवाद त्याने मान्य केले, पण दंडक स्पष्ट आहे : लाजली असे म्हणू नका, लाजताना दाखवा. कुमारसंभवाच्या सहाव्या सर्गात अंगिरस ऋषी हिमालयाकडे शंकरासाठी मागणी घालतो तेव्हा पित्याच्या शेजारी उभी असलेली पार्वती मान खाली घालून हातातल्या कमळाच्या पाकळ्या मोजू लागते. आनंदवर्धनाने ध्वनीच्या विवेचनात हा श्लोक उदाहरणादाखल घेतला आणि तेव्हापासून तो साहित्यशास्त्राच्या वर्गात सतत येत राहिला. कालिदासाने तेथे ‘मनातून’ अशा अर्थाचा एकही शब्द योजलेला नाही. पाकळ्या मोजणे ही वरवरची, कोणालाही दिसणारी, निरर्थक क्रिया आहे. ज्याला समजायचे त्याला ती समजते. याला संकोच म्हणा, कलेचा दंडक म्हणा. मला त्यात पात्राच्या मनाविषयीची एक अदबही दिसते. कवी पाकळ्यांपाशी थांबतो.

ना. घ. देशपांडे (१९०९–२०००) यांनी वकिली केली ती मेहकरात. जी. एन. जोशी यांनी गायिलेल्या ‘शीळ’च्या ध्वनिमुद्रिकेने त्यांचे नाव घराघरांत पोहोचले, कवितासंग्रह मात्र १९५४ साली, बराच उशिरा आला. या कवितेची लोकप्रियता तिच्या समीक्षेच्या आड आली असे माझे मत आहे. भावगीत म्हणून ती ऐकली गेली, वाचली गेली नाही. तिची रचना अशी : बोलणारी स्त्री आहे; रानात प्रियकराची शीळ घुमते; आणि ती त्याला दोष देते. त्याला वेळेचे भान नाही, ताळतंत्र नाही, अशी तिची तक्रार. वरवर पाहता संपूर्ण कविता म्हणजे बोल लावणे आहे. ऐकणाऱ्यांपैकी कोणालाही ती तक्रार वाटत नाही. तिला आनंद झाला आहे हे कोणी सांगितले? कोणीही नाही. तिने स्वतःही नाही.

भरताच्या भाषेत हे अन्यथाकथन आहे, म्हणजे अवहित्थेचा पहिलाच अनुभाव. पण ना. घं.नी साधलेली गोष्ट त्याहून एका पावलाने पुढची आहे. शीळ हा आवाज सार्वजनिक आहे. रानात गुरे राखणाऱ्यालाही ती ऐकू जाते, तण काढणाऱ्या बायांनाही. ती लपवलेली नाही. उलट तिच्या उघडेपणाचीच तर तक्रार आहे. लपलेला आहे तो तिचा रोख. कोणासाठी ही शीळ आहे, हे दोघांनाच ठाऊक. त्यात पुन्हा ‘बाई’ हा उद्गार. तो स्वतःशी आहे की मैत्रिणीला आहे, हे ठरवता येत नाही, आणि ठरवू नये. मराठी स्त्रीच्या बोलण्यातला हा उद्गार एकाच वेळी आत आणि बाहेर बोलतो. येथे ‘मनोमन’ शब्दाचे जुने, दोन मनांचे रूप कवितेत जिवंत आहे. शब्द मात्र कोठेही आलेला नाही. ज्या संग्रहाला १९८६ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला, त्याचे नाव ना. घं.नी ‘खूणगाठी’ ठेवावे हे मला योगायोगाचे वाटत नाही. पदराला मारलेली गाठ सर्वांना दिसते. ती कशाची आठवण आहे, हे गाठ मारणाऱ्यालाच माहीत असते. आणि ‘आतल्या गाठीचा माणूस’ म्हणतो तेव्हा त्याच गाठीचा रोख फिरतो : आता ती दिसत नाही, म्हणून माणूस संशयास्पद ठरतो. दिसणारी गाठ आणि न दिसणारी गाठ यांतील हे अंतर मराठी भाषेने किती काटेकोरपणे जपले आहे.

ही कविता आहे, आणि तिच्यातली स्त्री स्वतःच्या तोंडाने बोलते आहे. जिला बोलण्याची संधीच नव्हती अशा स्त्रीचे मन कोणी सांगू लागले तर काय होते, याचे उदाहरण तिच्या जवळपास अर्धशतक आधी याच जिल्ह्यात लिहिल्या गेलेल्या निबंधाच्या मुळाशी आहे.

१८८१ साली सुरत भागातील विजयालक्ष्मी या ब्राह्मण विधवेला, विवाहबाह्य संबंधातून जन्मलेल्या आपल्या अपत्याची हत्या केल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली. पुढे ती कमी करण्यात आली. या खटल्याने मुंबई इलाख्यातील वृत्तपत्रांत मोठी खळबळ माजली. तेव्हा लागू असलेल्या १८६०च्या भारतीय दंडसंहितेत कलम ३१८ होते. मृत अपत्याचे शव ‘सीक्रेटली’ पुरून किंवा अन्य प्रकारे त्याची विल्हेवाट लावून जन्म लपवणे, हा त्या कलमाने ठरवलेला स्वतंत्र गुन्हा. (१ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम ९४ने घेतली आहे.) विजयालक्ष्मीवरील आरोप त्याहून गंभीर, खुनाचा होता, पण कायद्याची भाषा येथे बारकाईने पाहण्यासारखी आहे. त्या कलमातले क्रियाविशेषण पुरण्याच्या कृतीला जोडलेले आहे. शव गुपचूप पुरले की नाही, हे साक्षीपुराव्याने ठरवता येते. स्त्रीच्या मनात कोणती वासना होती हे ते कलम विचारत नाही.

वृत्तपत्री चर्चेने मात्र नेमके तेच विचारले आणि लगोलग उत्तरही देऊन टाकले. एका स्त्रीच्या झाकलेल्या कृतीवरून सर्व विधवांच्या, आणि मग सर्व स्त्रियांच्या, झाकलेल्या वृत्तीवर निवाडे झाले. ‘पुणेवैभव’ या पत्रातील स्त्रीनिंदेचा समाचार हे ताराबाईंच्या निबंधाचे निमित्त. ‘चोरून’पासून ‘मनातून’पर्यंतचा हा प्रवास इंग्रजीत एकाच शब्दाच्या आत, कोणाच्या लक्षात न येता होऊ शकतो. मराठीत त्यासाठी शब्द बदलावा लागतो. तरीही तो झाला, कारण स्त्रीचरित्र देवालाही अगम्य, या पिढीजात समजुतीने वाट आधीच मोकळी करून ठेवली होती. ही समजूत मोठी चमत्कारिक आहे. स्त्रीच्या मनाचा ठाव लागत नाही असे ती सांगते, आणि त्याच श्वासात त्या मनात कपट आहे हेही छातीठोकपणे सांगते. अगम्याची अशी तपशीलवार यादी कशी करता येते, हे तिने कधी स्पष्ट केलेले नाही.

ताराबाईंचे वडील बापूजी हरी शिंदे हे बुलढाण्याच्या सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते आणि सत्यशोधक समाजाशी संबंधित होते. मुलीला त्यांनी मराठीबरोबर संस्कृत आणि इंग्रजीही शिकवली. शास्त्रवचने, कचेरीची भाषा आणि घरातली बोली या तिन्ही भाषांचे संस्कार घेऊन ही स्त्री लिहायला बसली, हे ध्यानात घेतले की निबंधाच्या शैलीतील धक्के समजू लागतात. तिची पद्धत कोर्टाची आहे. पुरुषांनी स्त्रियांवर लादलेला एकेक दोष ती घेते, साहस घेते, कपट घेते, आणि प्रत्येक ठिकाणी विचारते : हे कोण करते? उपशीर्षकातच तिने प्रश्न मांडून ठेवला आहे की, स्त्रिया आणि पुरुष यांत साहसी कोण. (‘साहस’ येथे शौर्याच्या नव्हे, अविचारी कृत्याच्या अर्थाने आहे, हे विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगावे लागते.)

आता माझा मुद्दा. असा निबंध लिहिणाऱ्या व्यक्तीसमोर एक सोपा मार्ग होता. तुम्ही म्हणता स्त्रिया मनातून पापी, तर मी सांगते स्त्रिया मनातून निर्मळ. असे म्हणून स्त्रीचे अंतःकरण उघडून दाखवणे. सुधारणावादी वाङ्मयाने हा मार्ग पुष्कळ चोखाळला. त्या करुणेचे मोल मी कमी लेखत नाही. हरिभाऊंच्या ‘पण लक्षात कोण घेतो’मधील यमूच्या आत्मनिवेदनाने, प्रथमपुरुषी कथनामुळे, त्या मार्गाला एक मोठी कलात्मक उंचीही दिली. ताराबाईंचा भर मात्र तेथे नाही. त्यांच्या युक्तिवादाचे बळ कृतीवर आहे : कोणी कोणाला फसवले, कोणी सोडून दिले, कोणी दुसरी आणली, कायदे व रूढी कोणी केल्या. आणि त्या बोलतात द्वितीय पुरुषात, थेट ‘तुम्ही’ला. तृतीय पुरुषातला अनुपस्थित आरोपी त्यांनी द्वितीय पुरुषात आणून उभा केला. ज्याला उत्तर देता येते अशालाच त्या प्रश्न विचारतात. निबंधाची भाषा शिवराळ, अघळपघळ आहे अशी तक्रार होते, आणि ती खोटी नाही. काही ठिकाणी पुनरुक्तीने धार बोथट होते. पण जो संयम महत्त्वाचा तो तेथे आहे. विजयालक्ष्मीच्या मनात काय चालले असेल, याची कादंबरी त्या रचत नाहीत. त्या स्त्रीला फाशीच्या दारापर्यंत नेणाऱ्या व्यवस्थेकडे, आणि तिच्या बरोबरीच्या पापात भागीदार असूनही मोकळ्या राहिलेल्या पुरुषाकडे, त्या बोट दाखवतात.

येथेच आजच्या समीक्षेला एक प्रश्न विचारावासा वाटतो. पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात १८८२ साली छापलेले हे पुस्तक पुढे विस्मृतीत गेले. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशात आणले, आणि १९९४ साली रोझलिंड ओहॅन्लन यांचा इंग्रजी अनुवाद आला. तेव्हापासून ताराबाईंवर बरेच लिहिले गेले. त्यात एक सूर अधूनमधून ऐकू येतो. त्यांचा विवाह समाधानाचा नसावा, त्या अपत्यहीन होत्या, म्हणून ही धग. मनातून त्या स्वतःचेच दुःख लिहीत होत्या. या वाक्याचे व्याकरण तपासावे. ते तृतीय पुरुषातील ‘मनातून’ आहे. वरवर सामाजिक, आतून वैयक्तिक, अशी विभागणी ते करते, आणि निबंधातला युक्तिवाद अलगद ‘वरवर’च्या खात्यात जमा होतो. सहानुभूतीच्या स्वरात बोलले म्हणून त्याची रचना बदलत नाही. ‘पुणेवैभव’कारांना विधवेच्या मनात वासना दिसली, आपल्याला निबंधकर्तीच्या मनात वेदना दिसते. दोन्ही ठिकाणी पाहणाऱ्याकडे पुरावा नाही.

असे म्हणण्याने चरित्रात्मक समीक्षा सर्वस्वी बाद होते असे नाही. बापूजींची नोकरी, सत्यशोधकांचे वर्तुळ, घरजावई पती, छापखान्याचे नाव या गोष्टी संहितेच्या वाचनात उपयोगी पडतातच. त्या बाह्य आहेत, तपासता येतात. कमळाच्या पाकळ्याही बाह्यच होत्या. आक्षेप आहे तो बाह्य तपशिलांवरून उडी मारून अंतःकरणात उतरण्याला, आणि उतरल्यावर तेथूनच संहितेचा अर्थ लावण्याला.

ही उडी सर्वांत मोहक ठरते ती ताराबाईंच्या मौनाविषयी. या निबंधानंतर त्यांचे दुसरे प्रकाशित लेखन उपलब्ध नाही. त्यांच्यावर टीका झाली, आणि जोतीराव फुल्यांनी १८८५ साली ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घेतली, इतके आपणास माहीत आहे. ताराबाई त्यानंतर सुमारे पंचवीस वर्षे हयात होत्या. या पंचवीस वर्षांसाठी ‘मनातून खचल्या’, ‘आतल्या आत कुढत राहिल्या’ अशी वाक्ये हाताशी तयारच असतात. खचण्याचे एकही पत्र, एकही नोंद त्यांच्यामागे नाही. वऱ्हाडात एका स्त्रीला १८८२ नंतर दुसरे पुस्तक छापण्यासाठी पैसा कोठून मिळाला असता, पुण्याच्या छापखान्याशी व्यवहार कोणी केला असता, वडिलांच्या पश्चात तिच्या बाजूने कोण उभे राहिले असते, हे प्रश्न कागदपत्रांकडे नेणारे आहेत. बुलढाण्याच्या जुन्या महसुली दप्तरात आणि सत्यशोधक पत्रांच्या उरलेल्या अंकांत त्यांचा शोध घ्यावा लागेल.